सव्वीस पौंडांचा हट्ट

"अजून आठ पौंड घाल," मास्तर म्हणाला.

"आठ? आत्ताच सव्वीस झालेत. माणूस आहे मी, नांगर नाही."

"तुझी मर्जी."

मास्तर 'तुझी मर्जी' म्हणाला की समोरच्याचं काहीतरी चुकतंय, हे आमच्या चौकडीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. पण ऑक्टोबरमधल्या शनिवारी सकाळी साडेसातला, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या सॅन कार्लोस बीचवर, अंगात ७ मिलिमीटर जाडीचं रबर कोंबून उभ्या असलेल्या माणसाकडून फार शहाणपणाची अपेक्षा करू नये.

मास्तर म्हणजे डाइव्हमास्टर, स्कूबा डाइव्हमधला आमचा म्होरक्या. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, बाकी सगळा जीव पाण्यात. वहिनी म्हणजे त्याची बायको. पाण्याखाली त्या त्याच्यापेक्षा सरस आहेत, हे तो स्वतःच सांगतो. धाकटा म्हणजे त्याचा मावसभाऊ, ज्याला अजून थंडी नावाची गोष्ट भेटलेली नाही. आणि मी. तारकर्लीला शिकलो, अंदमानात वीसेक डाइव्ह केले, सगळे कोमट पाण्यात. तिकडे पातळ सूट घालायचा, कमरेला चार किलो शिसं बांधायचं आणि उडी मारायची. पाणी कसं आहे हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

इथे पाणी ११ अंशांचं होतं. तेही हंगामातलं बरं पाणी. वसंतात वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात लोटतात आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं, तेव्हा पारा याच्याही खाली जातो. पण याच गार पाण्याबरोबर खोलातली पोषक द्रव्यं वर येतात आणि त्यांच्यावरच केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, रान पोसलं जातं. म्हणजे केल्प बघायचं तर थंडी सोसायलाच हवी. कोमट पाण्यातलं केल्पचं जंगल अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

वेटसूट चढवणं हा स्वतंत्र अध्याय आहे. भाड्याने आणलेला दोन तुकड्यांचा सूट: खाली छातीपर्यंत येणारी बिनबाह्यांची विजार, वर हूड जोडलेलं जाकीट. दोन्ही चढले की धडावर रबराचे दोन थर होतात. पाय घालायला दहा मिनिटं. हूडमधून डोकं बाहेर काढताना कान मागे दुमडले जातात आणि क्षणभर वाटतं, आता आपण या बोगद्यातच राहणार. धाकट्याने मागून चेन ओढली तेव्हा मी हवेत दोन इंच उचलला गेलो. मास्तर आणि वहिनी ड्रायसूटवाले. आत लोकरीचे कपडे, वरून पाणी न शिरणारं कवच. आमच्याकडे ते दोघं एसी डब्यातून जनरलच्या डब्याकडे बघावं तसं बघत होते.

सव्वीस पौंड म्हणजे जवळपास १२ किलो शिसं. पाठीवर ॲल्युमिनियमची टाकी वेगळी. हे सगळं घेऊन पायऱ्या उतरून वाळूत जायचं. त्याआधी मास्तरने तपासणी घेतली. फिन्सच्या पट्ट्यांची लोंबती टोकं चिकटपट्टीने बंद केली. सुरी पोटरीच्या बाहेरून बांधली होती, ती आतल्या बाजूला घ्यायला लावली. स्नॉर्केल काढून खिशात. "केल्पला जे जे लोंबतं ते ते आवडतं," तो म्हणाला. मग रोजचा पाढा: हवा, वजनं, बकलं, शिट्टी. शेवटी एक नियम, दोनदा: "अडकलास तर ओढू नकोस. गिरकी तर अजिबात घेऊ नकोस. थांब, आणि देठ मोड."

मी मान हलवली. हूडमध्ये निम्मंच ऐकू येतं.

पहिली लाट कमरेला लागली तेव्हा काहीच झालं नाही. रबराचा गुण, म्हटलं. दुसरी मानेपर्यंत आली आणि पाण्याची एक बारीक धार पाठीच्या कण्यावरून सावकाश, प्रत्येक मणक्याची चौकशी करत खाली गेली. मी काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी हसून म्हणाल्या, "एवढं एकदाच. आता हेच पाणी अंगाने तापेल." तेच खरं असतं, वेटसूट कोरडं ठेवत नाही, आत शिरलेलं पाणी अडवून ठेवतो. कपाळाचा जो पट्टा मास्क आणि हूडच्या मध्ये उघडा राहतो तिथे मात्र मिनिटभर अशी कळ येते, जणू कोणी बर्फाची लादी टेकवून धरली आहे. मग तो भाग बधिर होतो आणि आपण त्याला विसरतो.

ब्रेकवॉटरच्या दगडी बांधाला समांतर आम्ही पृष्ठभागावरून पोहत निघालो. बांधाच्या टोकाला सी लायनचा कळप पसरलेला असतो. त्यांचा आवाज दूरवर येतो, वास त्याहून दूर. वर तरंगणारं केल्प दिसायला लागलं: पिवळट तपकिरी, चकचकीत, तेलात बुडवून काढल्यासारखं. तिथे मास्तरने अंगठा खाली केला. चला.

तिघं खाली गेले. मी नाही.

टाकी जिला बांधलेली असते त्या, हवेने फुगवायच्या जॅकेटमधली हवा सगळी सोडली, फुप्फुसातली सोडली, तरी डोकं बाहेरच. जाड निओप्रीन म्हणजे लाखो बारीक बुडबुडे; मी एक मोठं बूच झालो होतो. मास्तर परत वर आला, माझ्या पट्ट्याकडे बघितलं, काही बोलला नाही. मी शेवटी डोकं खाली, पाय वर करून, बदक बुडी मारतं तसा पाय झाडत स्वतःला खाली रेटलं. पाचसहा मीटरवर गंमत झाली. दाबाने सूट चेपला, बुडबुडे आकसले आणि बूचपणा गेला. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तिथे तर मी छान स्थिर होतो. मास्तरला बोटांनी 'ओके' केलं. त्या ओकेमध्ये 'बघ, सव्वीस पुरले' हेही होतं.

आणि मग मी मान वर केली.

केल्पचे देठ तळातून निघून सरळ वर, सात-आठ मीटर, दहा मीटर, पृष्ठभागापर्यंत गेलेले. वडाच्या पारंब्या वरून खाली येतात, इथे त्या खालून वर निघाल्या होत्या. वर पोचल्यावर आडव्या पसरून त्यांनी मांडव घातला होता आणि त्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे तिरपे उतरत होते. हेलकावा आला की अख्खं रान एका बाजूला कलायचं, थांबायचं, परत यायचं. आपणही त्याच्याबरोबर जायचं आणि यायचं. विरुद्ध पाय मारून फक्त हवा संपते. निळसर रॉकफिशचा थवा मधोमध, तोही तसाच झोके घेत, जराही पाय... म्हणजे पर न मारता.

एक देठ हातात धरून बघितला. करंगळीएवढा जाड, गुळगुळीत. दर वीतभर अंतरावर एक पान, आणि पान जिथे देठाला जुळतं तिथे लहान लिंबाएवढा हवेचा फुगा. त्या फुग्यांच्या जोरावर हे सगळं उभं असतं. लाकूड नाही, खोड नाही. खाली दगडाला जे धरलेलं असतं ते मूळही नाही. बोटांत बोटं गुंतवल्यासारखी नुसती पकड, अन्न शोषण्याशी तिचा संबंध नाही. जेवण सगळं पानांतून. अनुकूल पाण्यात हे जायंट केल्प दिवसाला ६० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. पानावर पांढऱ्या जाळीची नक्षी होती. नखाने खरवडावी वाटली, पण ती नक्षी म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. शेजारी बोटाच्या पेराएवढी शंखवाली गोगलगाय पान कुरतडत वर चालली होती. तिच्या वेगाने तिला पृष्ठभाग गाठायला किती वेळ लागत असेल याचा हिशोब करताना मी गेज बघायला विसरलो. मास्तरने टाकीवर टकटक केली. ३००० पीएसआयवर सुरू केलं होतं, ९०० उरलं होतं. थंडीत माणूस हवा पितो, श्वास घेत नाही.

परत फिरलो. वर येण्याआधी सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं होतं. इथे माझा हट्ट वसुलीला आला.

टाकीतली हवा म्हणजे काही नाही असं वाटतं. पण भरलेल्या टाकीत साधारण सहा पौंड हवा असते आणि त्यातली बरीचशी मी श्वासातून संपवली होती. रिकामी होत आलेली ॲल्युमिनियमची टाकी स्वतःच तरंगायला बघते. त्यात वर येताना दाब कमी झाला तसा सूट पुन्हा फुगला. सकाळी वर असताना जसा बूच होतो तसा मी आता पाच मीटरवरच पुन्हा झालो होतो. एक देठ धरला. तो माझ्याबरोबर वर आला. दुसरा धरला, निसटला. मग मी निघालोच. श्वास रोखायचा नाही एवढं एकच शिक्षण कामाला आलं. तोंडाने सतत हवा सोडत, उलटा झालेला, मी पाठीने त्या मांडवात घुसलो.

वर प्रकाश होता, पण डोकं बाहेर येईना. टाकीच्या तोंडाशी काहीतरी धरलेलं. मी डावीकडे वळलो. अजून आवळलं. उजवीकडे वळलो. आता फिनही धरला गेला. तोंडात रेग्युलेटर होता, हवा येत होती, म्हणजे मरण्यासारखं काहीही घडत नव्हतं. पण छाती भात्यासारखी चाललेली आणि डोक्यात एकच विचार: गिरकी. मी गिरकी घेतली. एक नाही, दोन. ज्याला दोनदा बजावलं होतं त्याने दोनदाच घेतली, एवढी तरी शिस्त.

मग खांद्यावर एक हात आला. मास्तरचा पंजा माझ्या मास्कसमोर: थांब. मी थांबलो. त्याने माझा हात धरून डोक्यामागे नेला, एका देठावर ठेवला आणि स्वतःचा हात काढून घेतला. मी ओढलं. केल्प लवचीक असतं, ओढून माणूस दमतो. मग आठवलं. देठ दोन्ही हातांनी धरला आणि दुमडला. ताजी गवार मोडावी तसा कट्‌कन तुटला. दुसरा, तिसरा. सुरी काढायचीही गरज पडली नाही. चौथा मास्तरने पायापाशी मोडला आणि डोकं बाहेर आलं.

"आठ पौंड," तो म्हणाला. एवढंच.

किनाऱ्यावर आल्यावर थंडीने मागची बाकी काढली. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. पाण्यात असताना ते समजत नाही. बाहेर वारा लागला की दात आपोआप वाजायला लागतात. मला हातमोज्याची पट्टी सोडता येईना. बोटं होती, पण माझं ऐकत नव्हती. ओठ इतके बधिर की 'थर्मास' म्हणताना भलतंच काहीतरी बाहेर पडलं. वहिनींनी न बोलता चहाचा कप दोन्ही हातांत कोंबला. दुसऱ्या थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी होतं. मला वाटलं, तेही चहाचं. ते पुढच्या डाइव्हआधी हातमोज्यांत आणि मानेतून सूटमध्ये ओतायचं असतं. त्या वहिनींचं देवाने कल्याण करावं.

दुसऱ्यांदा उतरण्यापूर्वी मास्तरने मला जवळजवळ रिकामी टाकी लावून छातीभर पाण्यात उभं केलं. नेहमीचा श्वास घेऊन, जॅकेट रिकामं करून, पाय उचलून तरंगायचं: पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे आणि श्वास सोडला की बुडायला हवं. सव्वीसला मी हनुवटीपर्यंत बाहेर. तीसला ओठ. चौतीसला बरोबर डोळे. सकाळी बुडायलाच दोन कमी पडले होते, वर हवेचे सहा; आठचा हिशोब चोख. पाच मिनिटांचं काम होतं. सकाळी केलं असतं तर... पण सकाळी मी नांगर नव्हतो ना.

दुपारी जुन्या पाइपच्या कडेने बाहेर, पंधरा मीटर खोलीवरच्या मेट्रिडियमच्या मैदानात गेलो. मेट्रिडियम म्हणजे पांढरे, ढोपरापेक्षा उंच ॲनिमोनी, फुलांसारखे दिसणारे समुद्री प्राणी, फुलकोबीचे गड्डे दांड्यावर लावावेत तसे. सुंदरच. पण माझं मन सगळा वेळ वजनांच्या पट्ट्यावर. पाच मीटरवर तीन मिनिटं मी विठोबासारखा उभा राहिलो. एवढा अभिमान मला पदवी मिळाल्यावरही वाटला नव्हता.

रात्री मोटेलच्या खोलीत सामान वाळत घालताना मास्तर जुन्या गोष्टी सांगत बसला. २०१३ पासून या किनाऱ्यावर तारामाशांना गळण्याचा रोग लागला. सूर्यफुलासारखा, वीसच्या वर हातांचा, मीटरभर रुंद होणारा सनफ्लॉवर स्टार इथून जवळजवळ गेलाच. तो काटेरी जांभळे अर्चिन खायचा. पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला, केल्प अशक्त झालं, अर्चिन माजले. उत्तर कॅलिफोर्नियातलं ९० टक्क्यांहून जास्त बुल केल्प संपलं. मॉन्टेरेजवळही कित्येक ठिकाणी खडक उघडे पडले. २०२१ मध्ये टँकर्स रीफवर हौशी डाइव्हरना हातोडीने अर्चिन फोडायची परवानगी मिळाली, तेव्हा बरेच डाइव्हर हातोड्या घेऊन तिथे उतरले. "आणि गंमत काय," तो म्हणाला, "रान संपलं तरी अर्चिन मरत नाहीत. वर्षानुवर्षं उपाशी पडून राहतात. आत काही उरत नाही, त्यामुळे सी ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजरही, त्यांना हात लावत नाही." धाकटा तोवर घोरत होता.

रविवारी पॉइंट लोबोस. वाटेत मोनॅस्टरी बीच लागतो. लोक त्याला मॉर्च्युअरी बीच म्हणतात आणि ती नुसती कोटी नाही. उतार अंगावर येणारा, वाळू जाड, लाट फुटते ती थेट काठावर, पडलेल्याला उठू देत नाही. बाहेर येताना सरळ चार पायांवर रांगत या असं तिथे शिकवतात. मास्तरने गाडीचा वेग कमी केला, काच खाली घेतली, दोन लाटा बघितल्या आणि पुढे निघाला.

लोबोसला आधी नाव नोंदवावं लागतं. जोड्या मोजून आत सोडतात, फाटकावर प्रमाणपत्र दाखवायचं, आणि आतून शिंपलाही उचलायचा नाही. १९६० मध्ये इथलं पाणी राखीव झालं. पाण्याखालची अशी राखीव जागा अमेरिकेत पहिलीच. व्हेलर्स कोव्हच्या काठावर चिनी कोळ्यांची जुनी लाकडी केबिन आहे, तिच्या जमिनीखाली आधाराला व्हेलचे मणके लावलेत. खाली होड्यांसाठी काँक्रीटचा उतार. शेवाळाने तो इतका निसरडा असतो की चौतीस पौंड घेऊन चालताना मला पहिल्यांदाच बसून घसरगुंडी करावीशी वाटली. धाकट्याने केलीच.

कोव्हमध्ये पोहत जाताना धाकट्याने माझा दंड दाबला. वीसेक मीटरवर केल्पचा एक पट्टा पोटाभोवती गुंडाळून सी ऑटर उताणी पडली होती. पुढचे पंजे छातीवर, मागचे पाय पाण्याबाहेर, लाटेबरोबर वर-खाली. वाहून जाऊ नये म्हणून त्या असा केल्पचा पट्टा बांधून घेतात. काल ज्याने माझा जीव खाल्ला ते ती दुलईसारखं पांघरून झोपली होती. या किनाऱ्यावरच्या ऑटर फरसाठी मारून संपवल्या असंच सगळे समजत होते. मग १९३८ मध्ये इथून दक्षिणेला, बिग सरला बिक्सबी क्रीकच्या तोंडाशी पन्नासेक जणींचा एक जथा दिसला. आज कॅलिफोर्नियात ज्या आहेत, त्या सगळ्या तसल्या उरल्यासुरल्यांच्याच लेकी. जवळ जायचं नाही असा नियम आहे. आम्ही वळसा घातला. तिने एक डोळा उघडला आणि मिटला.

त्या दिवशी मी बुडलो. नुसता श्वास सोडला आणि गेलो, दगडासारखा नाही, पायऱ्या उतरावं तसा. देठांमध्ये शिरायचं तेव्हा आडवं व्हायचं, हात पुढे जोडायचे आणि पाय घोट्यातूनच हलवायचे. एवढं आपोआप जमलं. कुठेतरी फिनला ओढ लागली. थांबलो, मागे हात नेला, देठ शोधला. देठ नव्हता. दोन काळेभोर डोळे होते. हार्बर सील माझा फिन तोंडात धरून चघळत होता. मी बघतोय म्हटल्यावर सोडला, बाजूला झाला, मी वळताच पुन्हा धरला. हे तीन वेळा. मास्तर तोंडातल्या रेग्युलेटरसकट हसत होता. बुडबुड्यांवरून कळत होतं.

परतीला माझी हवा सगळ्यांआधी संपत आली, ते काही सुधारलं नाही. मग केल्पच्या वरून आलो. त्याला केल्प क्रॉल म्हणतात: मांडवावर पालथं पडायचं, हात लांब करून पुढचं केल्प दाबून पोटाखाली घ्यायचं आणि त्यावरून सरकायचं, पाय मुळीच न झाडता. चिखलातून लोळत जाणाऱ्या म्हशीची ऐट असते त्यात. ज्याच्याखाली काल मी जाळ्यातल्या बांगड्यासारखा तडफडत होतो, त्याच्यावरून आज पोटावर घसरत काठाला लागलो.

गाडीच्या मागच्या दारात बसून लॉगबुक काढलं. खोली १४ मीटर, पाणी ११ अंश, सील एक. वजनाच्या रकान्यात ३४ लिहिलं आणि खाली वाकलो, तशी नाकातून दोन दिवसांची साठलेली मॉन्टेरे बे टपकन कागदावर पडली. आकडा पसरला. वहिनी सही करायला वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डाग पुसला आणि डोळे बारीक करून वाचलं.

"हे चोवीस आहे का?"

मी पेन घेतलं आणि शेजारी पुन्हा लिहिलं. या वेळी अक्षरी.